अष्टमीची सहल

भाईंदर पश्चिमेहून उत्तनमार्गे गोराईला जाणाऱ्या रस्त्यावर कितीतरी वर्षं हिवाळ्यात शाळांच्या सहलींच्या बसगाड्या धावत असत. आत अंताक्षरीचा गलका, खाऊच्या पुड्यांची कुरकुर, आणि गाडी लागणाऱ्या मुलांसाठी पुढच्या सीटवर प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा. मुर्धा, राई, मोर्वा मागे पडलं, उत्तन जवळ आलं, की कुणातरी बाईंचा आवाज चढायचा, ‘खिडक्या लावून घ्या रे!’ वारा समुद्राकडून असला की वाळत्या बोंबलाचा वास थेट बसमध्ये शिरे. मुलं नाकं धरत, ‘ई’ करत, खिदळत. एस्सेल वर्ल्ड आलं की काचा पुन्हा सरकायच्या. 1989 साली सुरू झालेलं ते उद्यान 2022 मध्ये बंद झालं, पण सहलीची रीत बंद झाली नाही. पत्ता तेवढा बदलला. आता बस एखाद्या वॉटर पार्कला जाते, नाहीतर रिसॉर्टला. मुलं खूश, पालक खूश, वर्गणीही वेळेत जमा. मी चौथीला शिकवते. काचा लावून घेत ज्या रस्त्याने आपण मुलांना नेत होतो, तोच रस्ता बघायला न्यायला हवं होतं, असं माझं मत आहे. सहलीच्या बैठकीत मी ते दरवर्षी मांडते. दरवर्षी मान्य होतंच असं नाही.

या शहरात हे मत मांडायला एक जादा कारणही आहे. वर्गात ‘तुझं गाव कोणतं?’ असं विचारून पाहा. लातूर, कणकवली, जौनपूर, सातारा, पाली-मारवाड, थेट नेपाळ. भाईंदर कुणी म्हणत नाही. इथे जन्मलेली, इथल्याच दवाखान्यात लस टोचून घेतलेली, इथल्याच ट्रॅफिकमध्ये वाढलेली मुलंसुद्धा गाव म्हणून आजोबांचं गाव सांगतात. मग मागून दोन-तीन हात वर येतात: उत्तन, चौक, राई. तीच काय ती इथली. 1991 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती. 2011 मध्ये ती आठ लाखांवर गेली. नगरपरिषद झाली 1985 साली, महापालिका 2002 मध्ये. म्हणजे हे शहर साधारण माझ्या मुलांच्या आईवडिलांच्याच वयाचं. त्याखालची गावं, आगरं, खाजणं, कोळीवाडे मात्र शेकडो वर्षांचे, आणि त्यांची ओळख करून देणारं वर्गात कुणी नाही. पुस्तकात जिल्हा येतो, राज्य येतं, देश येतो. घरापासून दोन किलोमीटरवरची खाडी येत नाही. ती बाईंनी आणायची असते.

एका वर्षी मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, ‘बरं, तुमच्या चौथीपुरतं करून दाखवा.’ मी अट घातली ती एवढीच, की आधीचा अख्खा आठवडा मला त्याच विषयाला द्या. भाषा, गणित, परिसर अभ्यास, चित्रकला, सगळे तास. सहल शनिवारी. विषय: पाणी.

सोमवारी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला. नळाला पाणी कुठून येतं?

‘टाकीतून.’
‘टाकीत कुठून येतं?’
‘मोटारीने.’
‘मोटारीत?’
‘टँकरमधून, बाई.’

मीरा रोडच्या सोसायट्यांत वाढलेल्या मुलाचं हे उत्तर अगदीच चूक म्हणता येणार नाही. एक मुलगा मात्र उभा राहून ठामपणे म्हणाला, ‘माझे बाबा सोडतात.’ त्याचे वडील एका सोसायटीचे वॉचमन. सकाळी साडेपाचला व्हॉल्व्ह तेच फिरवतात. वर्ग हसला, मी हसले नाही. त्या इमारतीतल्या शंभरेक बिऱ्हाडांपुरतं ते पूर्ण सत्य होतं.

मग भिंतीवरचा नकाशा काढला. आमच्या वर्गातला नकाशा जुना, 1 ऑगस्ट 2014 च्या आधीचा. त्यात डहाणू, जव्हार, वसई सगळं अजून ठाणे जिल्ह्यातच नांदतंय. पालघर वेगळा जिल्हा झाल्यापासून खाडीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, हे मुलांना मोठं गमतीचं वाटलं. लोकलमध्ये तिकीट तपासनीस वेगळा असतो का, असंही विचारून झालं. नकाशावर आम्ही उल्हास नदी धरली. लोणावळ्याच्या बाजूला सह्याद्रीत उगम. मग कर्जत, बदलापूर, कल्याण. कल्याणजवळच्या शहाड-टेमघरला तिचं पाणी उचलतात, शुद्ध करतात, आणि नळाने कितीतरी किलोमीटर आणून आपल्याला देतात. मुलांची बोटं कागदावरून सरकत होती. नदी पुढे ठाण्यापाशी फाटते. एक फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत, आणि मोठा फाटा वळून पश्चिमेला, घोडबंदरच्या किल्ल्याखालून, भाईंदरच्या मागून, वसईच्या खाडीतून समुद्राला. बोट तिथे पोचलं आणि एक मुलगी थांबली.

‘म्हणजे बाई, आपण हिचंच पाणी वर काढून घेतो आणि हीच आपल्या मागून जाते?’

तीच. मग तिने नकाशावरून मान वर केली आणि म्हणाली, ‘आणि आपलं गटार?’ तेही तिलाच. हे मी शिकवलं नव्हतं. चौथीच्या मुलाला नदीचं पूर्ण वर्तुळ दिसलं की पुढचा प्रश्न ते स्वतःच विचारतं. आपण फक्त मधे बोलायचं नाही. पाठ्यपुस्तकातला ‘जलप्रदूषण’ हा धडा मी त्या वर्षी वेगळा घेतलाच नाही.

त्याच दिवशी खिडकीत तीन बशा मांडून ठेवल्या होत्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत नळाच्याच पाण्यात विरघळवलेलं मीठ, तिसरीत जेसल पार्कच्या खाडीकिनाऱ्यावरून एका मुलाच्या बाबांनी बाटलीत भरून आणलेलं पाणी. डिसेंबरची कोरडी हवा, दुपारचं ऊन. आठवडाभर बशांकडे कुणी ना कुणी वाकून पाहत होतं. नळाच्या बशीत पांढुरकी, खरखरीत कड राहिली. मिठाच्या बशीत खडे धरले. भिंगातून पाहिले तर कडा सरळ, कोपरे काटकोनात, जणू कुणी पट्टीने आखलेत. खाडीच्या बशीत मीठ होतं, पण करडं, चिखलाचा हात लागलेलं. ‘हे खायचं नाही’, असं मी सांगायच्या आत दोघांनी बोट चाटून पाहिलं होतं. प्रयोगवहीत त्यांनी लिहिलं: ‘खारट आहे. चिखलाची चव.’ निरीक्षण म्हणून मी त्याला गुण देऊन टाकले.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. एवढं सांगून गणित सोपवलं. एक किलो मिठाला किती पाणी? भागाकार मोडतोड होत शेवटी तिशीच्या आतबाहेर स्थिरावला. तीस लिटर म्हणजे किती हे समजेना, तेव्हा एकजण म्हणाला, ‘आमच्या घरी येतो ना तो पाण्याचा जार, तसे दीड.’ वीस लिटरचा निळा जार इथे घरोघरी. किलोभर मिठाला दीड जार समुद्र, हे माप वर्गाने तत्काळ पास केलं.

पण त्या आठवड्याची खरी मजा गणितातच झाली. भरती-ओहोटी शिकवताना मी चंद्र काढला, पृथ्वी काढली, बाण काढले. मुलं सभ्यपणे बघत होती. मग उत्तनहून बसने येणारी एक मुलगी म्हणाली, ‘माझे आजोबा घड्याळ नाही बघत. तिथी विचारतात.’ वर्गात ती कधी बोलत नाही, म्हणून सगळे वळले. मी खडू ठेवला.

कोकणपट्टीतल्या जुन्या माणसांचा हा हिशोब आहे. आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा. जितके येतील तितक्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन; तीन वाजता भरती, पहाटेही आणि दुपारीही. षष्ठीला साडेचार. अष्टमीला आठ पाऊण सहा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते, आणि पाऊण तास हे त्याचं तोंडी हिशोबाला सोयीचं माप. पंधराव्या तिथीला हा हिशोब थोडा कच्चा पडतो. उत्तर सव्वाअकरा येतं, पाणी बाराच्या सुमाराला चढतं. पण होडी लोटणाऱ्या माणसाला एवढं पुरे.

आमच्या आईच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी तोंडपाठ असत. दशमान पद्धत आली, आणे-पै गेले, पाढ्यांच्या पुस्तकाची ती पानंही गेली. त्यासाठी गळा काढायचं कारण नाही, वापरच उरला नव्हता. त्या दिवशी मात्र वापर निघाला. चौथीला अपूर्णांक शिकवताना मी आजवर किती भाकऱ्यांचे नि केकचे तुकडे केले असतील, कुणाच्या चेहऱ्यावर उत्सुकता अशी दिसली नव्हती. आता मुलं भिंतीवरच्या कालनिर्णयाला जाऊन भिडली. आज कोणती? पंचमी? पाच पाऊण पावणेचार! माझ्या फोनवर भरतीचं वेळापत्रक उघडून ताळा पाहिला. अर्ध्या तासाचा फरक. ‘आजोबा जवळजवळ बरोबर’, असा निकाल लागला. ती उत्तनची मुलगी म्हणाली, ‘फोन पण जवळजवळच असेल.’

आणि मग सहलीची तारीख मुलांनीच काढली. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती, पाणी उंच चढतं आणि नेमकं दुपारी बाराला. तेव्हा किनाऱ्यावर जाऊन उपयोग नाही. सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती, पाण्याचा जोर कमी, आणि सकाळी सहाला भरती म्हणजे दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. त्या आठवड्यातला शनिवार अष्टमीचाच होता. म्हणजे तारीख माझी आधीच ठरलेली होती, हे मी काही त्यांना सांगितलं नाही. परवानगीच्या अर्जात ‘दिनांक निवडण्याचे कारण’ असा रकाना नसतो. तरी मी तळाशी लिहिलं, ‘अष्टमी, दुपारी ओहोटी.’ कार्यालयातले भाऊ अर्ज वाचून म्हणाले, ‘बाई, सहलीचा मुहूर्त काढलात होय?’

शुक्रवारी प्रश्नांची वही. प्रत्येकाने दोन प्रश्न लिहायचे, आणि ज्याचं उत्तर पुस्तकात आहे तो प्रश्न बाद. सुरुवातीला सगळे शहाणे प्रश्न आले, कुणाचे तरी घरून लिहवून आणलेले. ते बाद झाल्यावर खरे आले. मिठागरात काम करणाऱ्याच्या पायाला जखम झाली तर झोंबतं का? बोंबील पाण्यात असताना पण असाच लुळा असतो का? बोटीवर शू कुठे करतात? पाऊस आला तर मीठ परत पाणी होतं का? आणि एक प्रश्न, ज्याच्यापुढे मीच घटकाभर थांबले: मीठ कोणाचं असतं, समुद्राचं की मालकाचं? हा प्रश्न या देशाने 1930 साली दांडीला, आपल्याकडे वडाळ्याला आणि शिरोड्याला विचारला होता. चौथीतल्या त्या पोराला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला ते आधी सांगायचं नाही, असं मी ठरवलं.

शनिवारी सकाळी आम्ही आधी मिठागरात पोचलो. पावसाळा संपला की बांध दुरुस्त होतात, तळ तुडवून घट्ट करतात. उधाणाचं पाणी बांधातल्या दारातून आत घेतात आणि मग ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत आटवतात. शेवटच्या वाफ्यात खडे धरतात. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने मीठ कडेला ओढायचं, ढीग करायचा. हे मी वाक्यात सांगितलं. मुलांना ते वर्गातल्या बशीवरून आधीच समजलं होतं. ‘ही तिसरी बशी’, एकजण शेवटच्या वाफ्याकडे बोट दाखवून म्हणाला. दूर पाण्यात शेकाट्या पक्षी लाल काड्यांसारखे पाय उचलत हिंडत होते. त्यांच्याकडे मुलांचं लक्ष पाच मिनिटंच टिकलं. खारफुटीच्या बाबतीतही तसंच. पांढरी चिप्पी हे 2020 पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवन झाड आहे, ही माहिती मी तयारीने नेली होती. तिला कुणी भाव दिला नाही.

भाव मिळाला तो तिथल्या काकांना. जखमेचा प्रश्न विचारणारी मुलगी लाजत पुढे झाली. काका खाली बसले, पाय पुढे केला. टाचेच्या भेगांत मीठ पांढरं बसलेलं, कातडीचा रंग वेगळाच. ‘झोंबतं ना. पहिले आठ दिवस लई झोंबतं. मग कातडं निबर होतं.’ मुलं गप्प. एकाने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. मग मालकीचा प्रश्न आला. काका हसले. ‘मीठ मालकाचं, जमीन सरकारची. पाणी कुणाचं ते तूच सांग.’ याहून चांगलं उत्तर मला सुचलं नसतं. देशातलं तीनचतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातेत पिकतं. आमच्या घरांत येणारं पाकिटातलं मीठही बहुतेक तिकडचंच. भाईंदरच्या आगरांवर कधी ना कधी इमारती येणार, अशी चर्चा मी इथे आल्यापासून ऐकते आहे. मुलांनी त्या ढिगाऱ्यातलं मूठभर जाडं मीठ वहीच्या कागदात बांधून घेतलं. काकांनीच दिलं, आणि ‘आईला सांग, लोणच्याला चांगलं’ असंही बजावलं.

उत्तनला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पाणी खाली सरकत होतं, हिशोबाप्रमाणे. किनाऱ्यावर बांबूंच्या उंच चौकटी, त्यांवर आडव्या दोऱ्या, दोऱ्यांवर बोंबील. मी म्हटलं, ‘हे बघा, मासे वाळवायचे मांडव.’

‘वलांडी, बाई’, मागून आवाज आला. तीच मुलगी. पुढचा तास शिकवणं माझ्या हातून गेलं ते तिच्याकडे. बोंबील दोरीवर लटकवतात, पण त्याला बांधत नाहीत. दोन बोंबलांचे जबडे उघडायचे, एकाचा दुसऱ्यात अडकवायचा, आणि जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. बारीक वळलेले दात एकमेकांत असे रुततात की वाऱ्याने जोडी पडत नाही. तिने करून दाखवलं, बोटं न बघता. मग आमच्यातल्या सात-आठ जणांनी प्रयत्न केला. बोंबील निसटून वाळूत पडले, एका मावशींनी ते उचलून पुन्हा धुवायला टाकले आणि रागावल्या नाहीत. ‘मीठ लावता का?’ या प्रश्नावर मावशींनी मान हलवली. बोंबलाला नाही, तो नुसत्या उन्हावर वाळतो. मीठ खाऱ्याला, म्हणजे खारवून ठेवायच्या मोठ्या माशाला. बोंबलात पाणीच फार, ते गेलं की उरतो तो काडीसारखा. ‘म्हणजे बोंबीलपण बशीच’, असं कुणीतरी म्हणालं. वर्गातल्या त्या तीन बशा अशा कुठे कुठे उगवत होत्या.

दुपारी एक आजोबा जाळं विणत बसले होते. मुलांनी त्यांना घेरलं. डोल जाळं समुद्रात रोवून ठेवतात, पाण्याच्या ओढीनेच मासळी त्यात शिरते, म्हणून आम्हाला पाण्याची वेळ कळावीच लागते, असं ते सांगत होते. एका मुलाने परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, ‘आजोबा, आज भरती कधी?’ त्यांनी जाळ्यावरून मान न उचलता विचारलं, ‘आज काय, अष्टमी ना?’ वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, ‘आठ पाऊण सहा!’ तेव्हा मात्र त्यांनी मान उचलली. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जाळी दुरुस्त करतात, ही माहिती मग त्यांनी आपणहून दिली. बोटीवर शू कुठे करतात, याचंही उत्तर मिळालं. ते लिहीत नाही.

या सगळ्यात नवं काही नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्याच पश्चिम रेल्वेवर पुढे डहाणू रोड लागतं. तिथून जवळ कोसबाड. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला. वारल्यांची मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरांमागे रानात जात. तेव्हा मुलांना शाळेत ओढण्याऐवजी या बायकांनी शाळाच कुरणावर नेली. गुरं चरतायत, झाडाखाली वर्ग भरलाय, मोजायला दगड आणि बिया आहेत. कुरणशाळा हे तिचं नाव. बालशिक्षणावरच्या भाषणांत आपण ताराबाई-अनुताईंचं नाव घेतो, हार घालतो, पण एक साधी गोष्ट उचलत नाही. त्यांनी मुलांना लांबचं काही दाखवायला नेलं नाही. मूल जिथे आहे तिथलंच त्यांनी शिकवण्याजोगं मानलं. माझ्या उत्तनच्या मुलीला वर्गात बोलता येत नव्हतं, याचं कारण तिला येणारी कुठलीही गोष्ट आमच्या वेळापत्रकात नव्हती.

आता अडचणींचं. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. आम्ही पाण्यात पाऊल घातलं नाही. वलांड्यांच्या रांगेपुढे कुणी जायचं नाही, ही अट, आणि दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस. तरी मुख्याध्यापिकाबाई दिवसभर फोन करत राहिल्या, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही केले असते. पण कडक नियमांचा एक विचित्र परिणाम झालाय. शाळा जोखीम नको म्हणून मुलांना कुंपणाच्या आत नेतात, म्हणजे तिकीट काढून जायच्या जागी. समुद्राकाठी राहणाऱ्या मुलाला भरतीची वेळ काढता येत नाही, ही जोखीम मात्र कुठल्या परिपत्रकात नाही.

पालकांच्या तक्रारी तीन. एक, ‘भाईंदरमधल्या भाईंदरमध्ये कसली सहल, एवढं तर आम्ही रविवारी दाखवू.’ दाखवलंत का, हा प्रश्न मी गिळला. दुसरी, ‘आमच्या घरी चालत नाही, मासे बघायला कशाला नेता?’ त्यांना मी म्हटलं, बघायला नेतेय, खायला नाही. त्यांचा मुलगा आला, नाकाला रुमाल लावून आला, आणि जबड्यात जबडा अडकवायला तोच सगळ्यांत पुढे होता. तिसरी तक्रार अभ्यासाची: आठवडाभर पोर्शन पुढे गेला नाही. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलं आहे. त्यातले सहा दिवस आम्ही पाण्यावर घालवले, आणि त्यात अपूर्णांक, भागाकार, नकाशावाचन, बाष्पीभवन, प्रश्ननिर्मिती एवढं झालं. राज्य सरकारने 2024 मध्ये ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला, तेव्हा अशा कामाला कागदावर जागाही मिळाली. मात्र बहुतेक शाळांत त्या शनिवारी रंगीत कागद कापून चिकटवतात. आनंद होतो, नाही असं नाही.

सोमवारी मुलांनी निबंध लिहिले. ‘आमची सहल’ हे शीर्षक मी बंद केलं होतं, कारण ते दिलं की ‘आम्ही पहाटे लवकर उठलो’पासून ‘आम्ही घरी परतलो, ही सहल आमच्या कायम स्मरणात राहील’पर्यंतचा छापील मजकूर येतो. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं. ज्याने मिठाच्या मालकीचं विचारलं होतं, त्याने लिहिलं, ‘पाणी सगळ्यांचं, उन्ह सगळ्यांचं, मेहनत काकांची, मीठ मालकाचं. हे गणित मला जमलं नाही.’ त्याच तासाला मी दांडीची गोष्ट सांगितली. माझ्या नोकरीत ती इतक्या शांतपणे कधी ऐकली गेली नव्हती. वॉचमनच्या मुलाने वडिलांना नकाशा काढून दाखवला. ते पालकसभेला आले तेव्हा शहाडचं नाव घेत होते. उत्तनची मुलगी पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसली आणि पुन्हा गप्प झाली. एका शनिवारात स्वभाव बदलत नाही. फक्त तिथीच्या वेळी वर्ग तिच्याकडे वळून पाहतो.

सगळंच साधलं असंही नाही. घोडबंदरचा किल्ला राहून गेला. चौथीला आम्ही शिवछत्रपतींचा इतिहास शिकवतो, मुलांना प्रतापगड-पन्हाळा पाठ असतात. 1737 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला आणि आज आपल्याच महापालिकेच्या हद्दीत असलेला हा किल्ला मात्र वर्गात निम्म्यांनी नावाने ऐकलेला नसतो. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, ती भाईंदरच्या पुलावरून दिसते त्या खाडीपलीकडची. तो वेगळा आठवडा होईल. त्यासाठी तिथीही लागणार नाही.

शाळेतून सहलीचं संमतीपत्र घरी येईल, तेव्हा रकमेच्या आधी ठिकाणाची ओळ वाचा, आणि त्या आधीच्या आठवड्यात वर्गात काय होणार आहे, हे बाईंना किंवा सरांना विचारा. काहीच होणार नसेल, तर ती सहल नाही, सुटी आहे. सुटी म्हणून खुशाल पाठवा. शाळेला जमत नसेल तर स्वतः न्या. मिठागरं डिसेंबरपासून पावसाच्या तोंडापर्यंत चालू असतात. उत्तनची पालिकेची बस भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला मिळते. कोळीवाड्यात फोटो काढण्याआधी विचारा, आणि जाताना कॅलेंडर बघून सप्तमी-अष्टमी धरून जा. पौर्णिमेची दुपार नको.